सोमवारची गाठ

फील्डवर्कची यादी बोर्डावर लावायची, चारही टाचण्या नीट बसल्या आहेत ना ते बघायचं आणि मुली वाचायला येण्याआधी मागच्या दाराने सटकायचं, ही आमच्या संस्थेतली पद्धत आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी घालून दिली. आता ती यादी मी लावते. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मागच्या दारानेच जाते.

एरवी बाई कुणाला भिणाऱ्या नव्हत्या. खात्याचे संचालक असोत की खाणीवरचे मॅनेजर, त्यांच्यापुढे त्या छत्री टेकून उभ्या राहिल्या की समोरच्यालाच खुर्ची सोडून उठावंसं वाटे. पण यादी लागली की तासभर त्या कुठे जात ते कुणालाच कळत नसे. पेडण्याच्या मुलीला डिचोली, डिचोलीच्या मुलीला पेडणे, बोलघेवडीला मुक्या माणसाचं घर आणि तोंडातून शब्द न फुटणारीला बाजाराच्या दिवशीची ओपीडी, असं सगळं उलटंपालटं त्या यादीत असायचं. मुलींचा पहिला तडाखा चुकवायला बाई पळत असत. तासाभराने हातात पोदेराकडचा गरम पाव घेऊन परत येत आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने चहा मागत.

आमचा कोर्स काय होता हे सांगायला हवं, कारण तेव्हा माझ्या बापालाही ते कळलं नव्हतं. ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट. लकवा मारलेला, हात चेचलेला, हाड जोडून उठलेला माणूस पुन्हा आपल्या हाताने जेवला पाहिजे, अंघोळ केली पाहिजे, आपलं काम केलं पाहिजे. ते त्याला शिकवणाऱ्या थेरपिस्टच्या हाताखाली आम्ही. धारगळला हायवेवर बाबांचं चहा-भज्यांचं दुकान होतं. तिथे थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते सांगत की चली, म्हणजे आपली मुलगी, डॉक्टरीण होते आहे. "डॉक्टरीण न्हय, बाबा," मी म्हणायची. "मगे नर्स?" "नर्सय न्हय." "मगे किदें गो?" या प्रश्नाला मला दोन वर्षं धड उत्तर देता आलं नाही.

कोर्समध्ये शेवटची मोठी परीक्षा कागदावर नसे. दोन वेळा फील्डवर्क करायचं, म्हणजे दोन ठिकाणी जाऊन ठरलेले तास खऱ्या माणसांबरोबर काम करायचं आणि शेवटी बाई येऊन बघणार. त्यांची सही असलेला फॉर्म ऑफिसात गेला तर पास. एकदा नापास झालं तर ते फील्डवर्क पुन्हा करायला मिळे. दुसऱ्यांदा नापास म्हणजे कोर्स संपला, घरी जा.

मी पहिल्याच फील्डवर्कला नापास झाले. कोलवाळकडच्या एका आरोग्य केंद्रात एक म्हातारी होती, उजवा हात गेलेली. डाव्या हाताने पेज खाताना तिचा अर्धा चमचा पदरावर सांडे. मला ते बघवेना. मी तिला भरवायला लागले. आठवडाभर तिने माझ्या हातून इतकी छान पेज खाल्ली की तिचे गाल वर आले. बाई आल्या, दारात उभ्या राहिल्या, बघितलं. म्हातारीने मला तोंडभरून आशीर्वाद दिले. बाईंनी फॉर्मवर लिहिलं, 'विद्यार्थिनीचे हात फार मायाळू आहेत. म्हणून नापास.'

मी रडले, तेव्हा म्हणाल्या, "रड. पूण ती म्हातारी आतां चमचो उखलना, तें कोणें केलें?" आठवडाभरात म्हातारीने चमचा उचलणंच सोडलं होतं.

हात फाटीं, म्हणजे हात मागे. हा बाईंचा मंत्र. रोग्याच्या समोर उभं राहताना दोन्ही हात पाठीमागे धरायचे, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट पकडायचं. तो धडपडेल, चुकेल, शिव्या देईल, कप पाडेल. खरोखर पडायला आला तरच हात पुढे. वर्गात, बसस्टॉपवर, लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा त्या कुणाला तरी म्हणत, "हात फाटीं!" आम्ही त्यांच्यामागे त्यांना 'हातफाटी'च म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फोनवर कुणी नाव विचारलं तर त्यांनी स्वतःच तसं सांगून टाकलं.

आणि सोमवार. सोमवारी सकाळी बाई एका जुन्या चौकडीच्या पंच्याने आपला उजवा हात छातीशी बांधत. एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, अशी गाठ मारत आणि संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत सगळं डाव्या हाताने. केस विंचरणं, फायली काढणं, बसचं तिकीट घेणं, पाव मोडून खाणं सगळं. नव्या मुलींना वाटे बाईंचा हात मोडला आहे. मंगळवारी तो धडधाकट दिसला की त्या घाबरत. सोमवारी सही पण डाव्याच हाताने होई, आणि ती इतकी भयानक असे की त्या दिवशी गेलेली पत्रं खात्याकडून 'सही जुळत नाही' असा शेरा मारून परत येत. कारकुनाने त्यांना हात जोडून सांगितलं, बाई, सोमवारी सह्या नको. बाईंनी सोमवारी सह्या करणं बंद केलं. हात बांधणं नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुमी सोमाराच कित्याक बांदतात?"

"आयताराक बांदूं? मगे कपडे कोण धुतलो?" त्या म्हणाल्या. याहून जास्त कारण कुणालाच कळलं नाही. काही मुलींनी त्यामागे मोठ्या दुःखाची कथा रचली होती, पण बाईंकडे बघून ती टिकत नसे.

जागा मिळवणं हे त्यांचं खरं काम. आमच्या मुलींना ठेवून घ्यायला कुणी तयार नसे. आमचा उपयोग काय हेच लोकांना ठाऊक नव्हतं. डिचोलीकडच्या एका केंद्रावर कोल्हापूरकडचे एक डॉक्टर होते, स्वभावाने चांगले, पण त्यांनी तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. चौथ्या वेळी बाई पत्र न घेता गेल्या. रांगेत उभ्या राहून केसपेपर काढला. दोन तास बाकावर, पाळी गावच्या खाणीवरच्या कामगारांमध्ये आणि खोकणाऱ्या पोरांमध्ये बसून राहिल्या. नंबर आला. डॉक्टरांनी वर न बघताच विचारलं, "काय होतंय?"

"दोन मुली आहेत. जागा नाही," बाई म्हणाल्या.

"किती दिवस झाले?"

"तीन महिने."

डॉक्टरांनी मान वर केली, बघितलं आणि इतके हसले की बाहेरची कंपाउंडरीण आत आली. मग त्यांनी केसपेपरवर औषधाच्या जागी लिहिलं, 'दोन मुली, सकाळ-दुपार, तीन महिने', आणि खाली सही केली. तो केसपेपर बाईंनी फाईलला लावला. आजही आहे. सरकारी तपासणीला कुणी आलं की मी तो मुद्दाम वर ठेवते.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. कोकणी की मराठी, यावरून रस्त्यावर झाडं आडवी पडत होती, बस बंद पडत होत्या, आमच्या वर्गातही दोन बाजू होत्या आणि डबे वेगळे खाल्ले जात होते. अशात कुणीतरी विचारलं, आमचे रिपोर्ट कुठल्या भाषेत लिहायचे. ऑफिसला इंग्रजी हवं होतं. बाई म्हणाल्या, "तुमचें तुमी इंग्लिशींत बरयात. पूण रोगी जें सांगता तें, ताणें सांगिल्लें तशेंच. तो जे भाशेंत गाळी दिता, ते भाशेंत." त्यामुळे आमचे रिपोर्ट वाचण्यासारखे झाले. वर इंग्रजीत स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल, मधे अवतरणात लाटंबार्शाच्या नाहीतर कोलवाळच्या ठेवणीतल्या शिव्या. ऑफिसमधला कारकून ते घरी नेऊन वाचत असे असं म्हणतात. एका बंदच्या दिवशी बाई डिचोलीहून चालत एका मुलीच्या फील्डवर्कला पोचल्या, घामाने निथळत, आणि म्हणाल्या की झाडं रस्त्यावर होती, माणसांच्या घरात नव्हती.

यानंतर एक-दोन वर्षांतली माझी गोष्ट. आमचं वेगळं राज्य होऊन गेलं होतं, नापास झालेलं फील्डवर्क मी दुसऱ्यांदा करत होते आणि ही माझी शेवटची संधी होती.

मला मिळाले लाटंबार्शाचे धाकूकाका. काजूची बाग, थोडं भात, घरात ते आणि सुभद्राकाकी. सहा महिन्यांपूर्वी लकवा मारला होता. पायांनी चालायला लागले होते, उजवा हात मात्र अर्धाच आला होता. धरलं तर धरे, पण बोटांनी काही बारीक होत नसे. मी पुस्तकाप्रमाणे ध्येय लिहिलं, 'रुग्ण शर्टाची बटणं स्वतः लावेल.' पंधरा दिवस मी काकांकडून बटणं लावून घेतली. ते गुपचूप लावत. बाई पहिल्या भेटीला आल्या, त्यांनी कागद वाचला आणि उघड्या अंगाने पंचा नेसून बसलेल्या काकांकडे बघितलं.

"धाकू, शर्ट केन्ना घालता रे तूं?"

"बाजारांत वतना."

"आनी बाजारांत केन्ना गेल्लो?"

"हें दुयेंस येवंचे पयलीं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. लकव्याआधी, म्हणजे सहा महिन्यांत शर्ट अंगाला लागलाच नव्हता. मला जमिनीत गेले तर बरं असं वाटलं. मग बाई काकांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि विचारलं, तुला काय करायचं आहे. सुभद्राकाकीच दारातून म्हणाल्या, "माटोळी, बाई. दुसरें किदें?"

चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगतात. लाकडी चौकट, आणि तिला रानातलं, बागेतलं जे जे या दिवसांत येतं ते सगळं बांधायचं. नारळ, तोरिंजन, सुपारीचे घोस, अंबाडे, कवंडळं, कांगलां. दोर विकतचा नाही, केवणीच्या झाडाच्या सालीचा. काकांचं घर हेच मूळ घर, तिथे भाऊ-पुतणे सगळे चवथीला जमत आणि माटोळी तीस वर्षं काकाच बांधत होते. लकव्यानंतर पाळीच्या खाणीवर टिप्पर चालवणाऱ्या पुतण्याने सरळ सांगून टाकलं होतं की काका, यंदा मी बांधतो, तुम्ही आराम करा. त्याचा हेतू चांगलाच होता. काकांनी त्यावर हो म्हटलं होतं आणि त्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आणलं होतं.

बाईंनी माझा कागद उलटा केला आणि म्हणाल्या, "बरय."

मी नवं ध्येय लिहिलं, 'रुग्ण माटोळी स्वतः बांधेल.' आणि त्यानंतरचे सहा आठवडे हे माझ्या शिक्षणातले खरे आठवडे होते. केवणीची साल भिजवणं, तिचे दोर काढणं, उजव्या हाताने नुसतं दाबून धरणं आणि डाव्या हाताने व दातांनी गाठ मारणं. काका आधी सुपारीही बांधू शकत नव्हते. मग अंबाडा. मग कवंडळ. वरती हात पोचत नव्हता, स्टुलावर चढवणं धोक्याचं होतं. म्हणून मी चौकटच दोरीने खाली आणता येईल असं करून घेतलं, कमरेएवढ्या उंचीवर आणून, बसून बांधायची आणि मग वर ओढायची. काकांना हे आधी पटेना, माटोळी कधी खाली येते का म्हणाले. सुभद्राकाकी म्हणाल्या, "तुमी खंय पयलीं सकयल पडिल्ले?", तुम्ही तरी आधी कुठे खाली पडला होतात, आणि ते हसले. मला आठवतं, तोपर्यंत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

चवथ मंगळवारी होती. बाई आदल्या दिवशी, सोमवारी, येणार होत्या. रविवारी सकाळी काका बांधायला बसले. मी हात मागे धरून उभी होते. दुपारपर्यंत सगळं बांधून झालं, नारळांसकट. काका थकून मागे चहाला गेले. मी एकटीच चौकटीपाशी उभी राहिले आणि एका नारळाला बोटाने ढकललं. गाठ सैल झाली. दुसऱ्याला ढकललं. तीच गत.

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते सांगते. मंगळवारी सकाळी चित्रशाळेतून आणलेला गणपती खाली बसला आहे, घर माणसांनी भरलं आहे, आणि वरून नारळ सुटून गणपतीवर पडतो. काका ते कधीच विसरणार नाहीत. गाव तर नाहीच नाही. आणि सोमवारी बाई आल्या आणि त्यांच्यादेखत पडला तर मी धारगळच्या दुकानात भजी तळायला बसणार. यातलं आधी काय मनात आलं, काकांचं की माझं, ते मला आजही सांगता येत नाही. मी हात पुढे केले. एकामागून एक, नारळांच्या अकरा गाठी मी सोडल्या आणि घट्ट बांधल्या. काका चहा पिऊन आले तेव्हा माझे हात मागे होते.

सोमवारी बाई आल्या. उजवा हात पंच्याने छातीशी बांधलेला, डाव्या हातात छत्री. सोमवारी त्या फील्डवर्क तपासायला जात नसत, पण या वेळी चवथीमुळे दुसरा दिवसच नव्हता. काकांनी मोठ्या दिमाखाने चौकट दाखवली. बाईंनी छत्री भिंतीला टेकवली आणि चौकटीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला त्या नारळापाशी थांबल्या आणि गाठीला तोंड लावून बघावं इतक्या जवळ गेल्या.

अंगणात मला घेऊन आल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"दाव्या हातान गांठ मारली काय दोराची शेंपडी दावे वटेन येता. म्हाका सांगचें पडना, हांव दर सोमाराक मारतां. त्यो बारीक फळांच्यो गांठी दाव्यो. नाल्लांच्यो उजव्यो. कितल्यो?"

"इकरा," मी म्हटलं. बारीक फळांच्या गाठींची शेपटी डावीकडे होती, नारळांच्या अकराही गाठींची उजवीकडे.

"सोडय."

"बाई, पडतले ते. गणपतीचेर पडतले."

"सोडय. आनी ताका तूंच सांग. हांव सांगची ना."

मी नापास झाले होते, हे मला ठाऊक होतं. पण त्याहून वाईट होतं ते काकांच्या समोर जाऊन उभं राहणं. सहा आठवडे ज्या माणसाने एका सुपारीसाठी दात लावून दोर ओढला, त्याला सांगायचं की तुझी माटोळी तुझी नाही. बाई मागे उभ्या होत्या, एका हाताने छत्री धरून, आणि त्यांनी मला जराही ढकललं नाही.

मी आत गेले. काका चौकटीजवळ स्टुलावर बसले होते. मी म्हटलं, "काका, नाल्लांच्यो गांठी हांवें बांदल्यो. काल. तुमी च्या पियेताले तेन्ना."

काकांनी एका नारळाच्या गाठीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हाका खबर आसा."

"तुमकां?"

"तुजी गांठ आनी म्हजी गांठ म्हाका कळना? सांजेरूच पळयलें. फाल्यां बाई येतली, चल्येक नापास करतली, म्हणून ओगी रावलों."

मी त्यांच्यासाठी खोटं केलं होतं आणि त्यांनी माझ्यासाठी. इकडे तीस वर्षांच्या माटोळीवर पाणी सोडून हा माणूस रात्रभर गप्प राहिला होता, कारण धारगळच्या एका मुलीचा कोर्स बुडू नये. मला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की मी रडायला लागले. सुभद्राकाकी तयेचा, म्हणजे हरतालिकेचा, उपास धरून बसल्या होत्या, त्याही रडायला लागल्या, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बाई दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"धाकू," त्या म्हणाल्या, "तूंय हात फाटीं धर."

"उजवो पावना," काका म्हणाले.

"पावता तितलो धर."

काकांनी डावा हात मागे नेला आणि उजवा कमरेपर्यंत. असे ते दोन मिनिटं वर्गातल्या मुलासारखे उभे राहिले. मग बाई म्हणाल्या, पुरे, आता काम. पुतण्या संध्याकाळी पाळीहून येणार होता आणि माटोळी अर्धवट दिसली असती तर त्याने हातातून घेतलीच असती. मी अकराही गाठी सोडल्या, नारळ जमिनीवर ठेवले आणि मागे जाऊन उभी राहिले. मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर तिथे वळ उठले.

अडीच तास लागले. पहिला नारळ दोनदा निसटला. काकांनी दोराला, केवणीला आणि कुणाच्या तरी आईला शिव्या दिल्या. मग ते थांबले, दोराचा पीळ उलटा केला, नारळ मांडीत दाबून धरला, उजवा हात नुसता वजनासाठी वर ठेवला आणि दातांनी ओढलं. मी हे त्यांना शिकवलं नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. अकरावी गाठ बसली तेव्हा माझी बस निघून गेली होती आणि बाईंचीही.

काका आणि काकींनी मिळून चौकट वर ओढली. नारळ डोक्यावर हलले. एक करकरला. बाई गणपती बसतो त्या जागेपाशी गेल्या, पाट बाजूला सरकवला आणि नारळांच्या बरोबर खाली जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"अगो बाई, थंय बसूं नाकात!" सुभद्राकाकी ओरडल्या.

"पडचो जाल्यार आयच म्हजेर पडूं दी," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून फॉर्म काढला.

तिथे बसूनच त्यांनी डाव्या हाताने, तोंडाने शब्द जुळवत, फॉर्म भरला. अर्धा तास तरी गेला. काका मान वर करून आपल्या गाठी बघत होते आणि मी बाईंचं डोकं बघत होते. काही पडलं नाही. बाहेर टिप्परचा हॉर्न वाजला, पुतण्या आत आला, वर बघून नुसता "काका!" म्हणाला आणि त्याने चप्पल काढून हात जोडले.

फॉर्मवर 'विद्यार्थिनीची प्रगती' या रकान्यात वाकडंतिकडं लिहिलं होतं, 'हात मागे धरायला शिकली. एक दिवस उशिरा.' त्याखाली 'पास'. आणि त्याखाली सहीची मोकळी जागा. मला आठवलं, तसं बाईंनाही आठवलं. सोमवार. डाव्या हाताची सही ऑफिस परत पाठवणार आणि सही आजचीच हवी होती, उद्यापासून चवथीची सुट्टी आणि त्यानंतर सही झालेले फॉर्म त्या वर्षात धरले जाणार नव्हते.

बाईंनी पेन बघितलं, मग आपल्या छातीवरची गाठ. डाव्या हाताने ती सोडायचा प्रयत्न केला. घामाने पंचा आवळला होता. दात लावले. सुटेना. मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि गाठ पुढे केली.

"सोडय गो ही."

माझे हात मागेच होते. ही परीक्षाच असणार असं मला वाटलं. मी हलले नाही.

"अगो सोडय म्हणटां न्हू!" बाई म्हणाल्या. "म्हाका जमना."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते शब्द मी एकदाच ऐकले. मी हात पुढे केले. गाठ पक्की होती, तीनदा निसटली. चौथ्यांदा मी नख घातलं. सुटली. त्यांनी उजवा हात झटकला, नारळाखाली पुन्हा बसून स्वच्छ, सरळ सही केली आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

मग उजवा हात परत छातीशी आणला.

"बांद आतां. सोमार आजून सोंपूंक ना."

मी बांधली. पुतण्याने टिप्परमधून आम्हाला डिचोलीच्या स्टँडवर सोडलं. मी मधे बसले होते, फॉर्म ब्लाउजमध्ये, आणि मला बाबांच्या 'मगे किदें गो?' या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटत होतं. बाई खिडकीपाशी डुलक्या घेत होत्या. त्यांच्या छातीवर माझी गाठ होती, शेपटी उजवीकडे. त्यांनी ती बघितली होती आणि तशीच राहू दिली होती.